‘वाचत कुठे, चित्रं बघून सांगतो!’

पत्र थोडक्यात : वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा पाच वर्षांचा. व्हॅननं तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो, सीनियर केजीत आहे. शाळेतून रोज फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचं, वर्कशीट येतं. ‘कऽ, ॲ, टऽ’ हे आवाज तो घडाघडा म्हणतो, पण जोडून शब्द काय झाला असं विचारलं की गप्प बसतो, नाहीतर शेजारचं चित्र बघून ‘माऊ’ म्हणून मोकळा होतो. घरात मराठी गोष्टींची चार-पाच पुस्तकं आहेत. ती तो ‘वाचतो’ म्हणजे पानं उलटत, चित्रांवरून, मनानं, आणि तेही मालवणीत सांगतो. घरी मालवणी कमी करा, जमेल तेवढं इंग्रजी बोला, असं वर्गशिक्षिकांनी सुचवलं आहे. त्यावरून सासूबाई रागावल्या आहेत. मुंबईची पुतणी याच वयाची. ती इंग्रजी पुस्तकं वाचतानाचे व्हिडिओ जाऊबाई घरच्या ग्रुपवर टाकतात. वडील ट्रॉलरवर असतात. आई मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेली, काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. आपले इंग्रजी उच्चार चुकीचे, आपण शिकवलं तर मुलाचंही बिघडेल, ही तिची धास्ती. पावसाळ्यात मुलाला सर्दी होते, कान वाहतो, असंही तिनं जाता जाता लिहिलं आहे. तिचे प्रश्न तीन. महिन्याच्या पगाराएवढी फी असलेला ऑनलाइन फोनिक्स कोर्स घ्यावा का? चित्रं बघून ‘वाचायची’ खोड मोडायची कशी? आणि पहिलीला त्याला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावं का?

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय, ‘तो वाचत नाही हो, चित्रं बघून आम्हाला फसवतो.’ आधी या आरोपातून त्याला सोडवू या. तुमच्याच पत्रावरून दिसतं की तो पुस्तक सरळ धरतो, पहिल्या पानापासून सुरुवात करतो, पान उलटल्यावर गोष्ट पुढे नेतो, शेवटच्या पानावर ती संपवतो. एका चित्रात मासा जाळ्यात आहे आणि पुढच्या चित्रात नाही, म्हणजे मधे काहीतरी घडलं, हे त्याचं त्याला कळतं आणि तो विचारतो, ‘मासो खय गेलो?’ बालवाडीच्या ताई याला चित्रवाचन म्हणतात आणि त्यासाठी वेळ राखून ठेवतात. तुमच्या घरात ते आपोआप चाललंय आणि तुम्ही मला ते थांबवायचा उपाय विचारताय! त्या खोडीवर उपाय नको. ती असू द्या.

म्हणजे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. ‘कऽ, ॲ, टऽ’ म्हणून झाल्यावर शब्द न जुळणं ही खरी अडचण आहे. ती वेगळी आहे, आणि चित्रांमुळे आलेली नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. छापलेली अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचन. यातला गुणाकार महत्त्वाचा. दोहोंपैकी एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य. तुमच्या मुलाची मालवणी-मराठीची समज उत्तम आहे, पण त्या भाषेची अक्षरं त्याला अजून कुणी नीट दिलेली नाहीत. इंग्रजीत उलट. अक्षरांचे आवाज दिलेत, पण ती भाषा त्याच्या कानात जवळजवळ नाहीच. दोन्हीकडे अर्धं-अर्धं सामान, म्हणून दोन्हीकडे गाडी अडलेली. त्यात त्याच्या हुशारीचा प्रश्न कुठे येतो?

फोनिक्स इंग्लंड-अमेरिकेत का चालतं, हे इथं बघायला हवं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास, त्यामुळे कुठलं अक्षर कुठं कसं वाजतं हे मुद्दाम शिकवावं लागतं. ते शिकवणं उपयोगी पडतं, यात मला शंका नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांची छोटी तपासणी होते. चाळीस शब्द वाचायला देतात, त्यातले वीस चक्क बनावट, निरर्थक. पाठांतर आहे की खरंच आवाज जोडता येतात, ते त्यातून कळतं. पण ती मुलं पाच वर्षं इंग्रजी ऐकत, बोलत, भांडत वाढलेली असतात. ‘क्… ॲ… ट्’ असे तीन तुकडे अडखळत जोडले की त्यांच्या कानात तयार असलेला ‘कॅट’ पुढे येतो आणि उरलेलं काम तोच करतो. तुमच्या मुलाच्या कानात तिथे मांजर आहे, माऊ आहे. ‘कॅट’ आहे तो फक्त वर्कशीटवर. जोडून आलेला आवाज ओळखीचा निघाला तरच मुलाला कळतं की आपलं जुळलं. तो गप्प बसतो त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण त्या ‘कऽ’मध्ये दडलंय. आपल्या व्यंजनात अ मिसळलेला असतो. त्यामुळे आपण इंग्रजी अक्षराचा आवाजही सहज ‘कऽ’, ‘टऽ’, ‘बऽ’ असा काढतो, आणि पुष्कळ शाळांत तसाच शिकवला जातो. आता ‘कऽ-ॲ-टऽ’ पटापट म्हणून बघा. ‘कअॅटअ’ असं काहीतरी विचित्र होतं, ‘कॅट’ काही होत नाही. मुलानं बिचाऱ्यानं तो नको असलेला अ कुठे टाकायचा?

इथे तुमचं मराठी माध्यम उपयोगी पडतं. पाय मोडलेलं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. क्, ट्, प्, स्. इंग्रजी व्यंजनाचा बहुतेक वेळा हाच आवाज असतो, आणि देवनागरीत तो चोख लिहिता येतो. वर्कशीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तुमच्यापुरतं लिहून ठेवा, ‘प् इ न्’, ‘ट् ॲ प्’. स्, म्, न्, फ् हे आवाज लांबवता येतात, म्हणून जोडायला सोपे. ‘स्स्स्ॲॲट्’ असं मधे न थांबता ओढायचं. क्, ट्, प् लांबवता येत नाहीत, ते झटकन म्हणून लगेच पुढच्या स्वरावर जायचं. जॉली फोनिक्ससारखा गाजलेला क्रमसुद्धा स्, ॲ, ट्, इ, प्, न् या सहा आवाजांनी सुरू होतो. या सहांतूनच बरेच छोटे शब्द होतात म्हणून तसा. अशा कार्यक्रमांतही तो ओढलेला अ टाळा असंच सांगतात. म्हणजे तुमच्या उच्चारांनी मुलाचं बिघडेल ही भीती सोडा. तुमच्या बोलण्यात वेंगुर्ल्याचा हेल असेल तर असू द्या. लंडनच्या माणसाच्या बोलण्यातही लंडनचा असतो. मुलगा इंग्रजी तुमच्याशिवाय आणखी दहा जणांकडून ऐकणार आहे.

आता मालवणीचं. वर्गशिक्षिकांना मी दोष देत नाही. तीस मुलं, पालकांचा इंग्रजीचा आग्रह आणि वर्षअखेरीला दाखवायचा निकाल यांत त्याही अडकलेल्या असतात. पण त्यांचा हा सल्ला पाळू नका. मुलाकडे आज भरपूर शब्द आहेत ते मालवणीत. सासूबाई त्याच्याशी गजाली करतात तेव्हा तो क्रम, कारण, ‘मगे काय झाला’ हे सगळं शिकत असतो. सूत्रातली दुसरी बाजू ती हीच. ती बंद करून तुम्ही घरी काय बोलणार? ‘कम हिअर, सिट डाउन, ईट फास्ट’ एवढंच ना? पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यात जेवढं चाललेलं असतं त्याला ते पुरत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हणतं. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांचा राग रास्त होता.

याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून खेड्यातली बालवाडी उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि आसपास मिळेल त्या वस्तूंतून शिकवलं. महागडी साधनं नव्हती म्हणून काही अडलं नाही. आज मोबाईलवर कोर्स विकणारे ‘घरबसल्या’ हा शब्द स्वतः शोधल्यासारखा वापरतात तेव्हा मला बोर्डी आठवते.

मग करायचं काय?

पहिलं काम कानाचं. त्याला कागद लागत नाही. तुम्ही मासे साफ करायला बसता तेव्हा तो शेजारी घुटमळतोच. ‘प-नं सुरू होणारा मासा सांग.’ पापलेट, पेडवे. ‘म-नं?’ मोरी, मुडदुशे. ‘ब-नं?’ बांगडो, बोंबील. सासूबाई या खेळात तुम्हा दोघांना हरवतील, आणि हरवू द्या. दुसरा खेळ तुकडे जोडायचा. तुम्ही शब्द फोडून, हळू म्हणायचा, त्यानं ओळखून वस्तू आणायची. ‘माका ता…ट दी’ (मला ताट दे). ‘माका च…म…चो दी.’ आधी अक्षराअक्षरानं फोडा. ते जमलं की आणखी बारीक तोडा. ‘न्…आ…क् कुठे आहे, दाखव.’ ही पायरी कठीण असते, कारण मराठीत ‘ना’ हा एक घास असतो आणि इंग्रजीला त्याचे न् आणि आ असे दोन करावे लागतात. इथे बाराखडी कामाला येते, पण घोकून नाही. ‘का’चं ‘की’ कर, ‘मा’चं ‘मी’ कर. ‘काका’ला ‘कीकी’ म्हटलं की तो पोट धरून हसेल आणि हसता हसता व्यंजन तेच ठेवून स्वर बदलायला शिकेल. वर्कशीटवर तो अडतो ते इथेच. चुलीपाशी, एसटीच्या थांब्यावर, अंघोळ घालताना, कुठेही पाच-सात मिनिटं खेळा. त्याला कंटाळा यायच्या आत थांबा.

दुसरं काम मराठी अक्षरांचं, आणि हे तुम्ही आत्ताच सुरू करावं असं माझं मत आहे. इंग्रजी शाळेत आहे तर मराठी नंतर बघू, असं पुष्कळ जण म्हणतात. मी उलट सांगते. आवाज जोडल्यावर अर्थ निघतो हा अनुभव त्याला आधी अशा भाषेत मिळू दे जिथे अर्थ त्याच्याकडे तयार आहे. एकदा ती युक्ती कळली की इंग्रजीत ती नव्यानं शिकावी लागत नाही, फक्त अक्षरं नवी असतात.

क, ख, ग, घ या क्रमानं जाऊ नका. तो क्रम उच्चाराच्या जागांचा आहे, शास्त्र म्हणून सुंदरच, पण पाच वर्षांच्या मुलाला ‘ङ’पर्यंत पोचून काय वाचता येणार? दोन अक्षरं आणि एक काना घ्या. म, क आणि काना. एवढ्यात मामा, काका, काम, मका होतं. आणि तुमच्या घरात आणखी एक शब्द होतो जो पुण्याच्या मुलाला मिळणार नाही, ‘माका’. मग पहिल्याच आठवड्यात तो पूर्ण वाक्य वाचू शकतो : ‘मामा, माका मका.’ पुढे ‘मामा, काकाक (काकाला) मका.’ हे वाचून त्याला जो आनंद होईल तो वर्कशीटवरच्या शंभर चांदण्यांनी होत नाही. नंतर न, र, ल जोडा. नाक, कान, मान, राम, लाल, कमान. मग ब, स, प, वेलांटी. एकेक अक्षर घट्ट झाल्यावरच पुढचं.

दोन अडथळे येतील, ते माहीत असू द्या. ‘नाक’ तो ‘ना-कऽ’ असा वाचेल, कारण शेवटच्या अक्षरातला अ आपण बोलताना गिळतो आणि लिहिताना ठेवतो. त्याचं व्याकरण सांगत बसू नका. ‘पटकन म्हण’ एवढं सांगा. शब्द ओळखीचा असल्यानं तो स्वतःच ‘नाक’वर येईल. दुसरं म्हणजे पहिली वेलांटी. ‘कि’मध्ये ती अक्षराच्या आधी काढतात आणि नंतर बोलतात. इथे बहुतेक मुलं घोटाळतात. दुसरी वेलांटी आधी शिकवलीत तर सोपं जातं. ‘च’चे दोन उच्चार आपल्याकडेही आहेत, ‘चार चाकं’ म्हणून बघा, पण ते मुलांना मुद्दाम शिकवावं लागत नाही, कानामुळे निभावतं. जोडाक्षरं आणि रफार यांना पहिली-दुसरी आहे. सगळी व्यंजनं आणि स्वरचिन्हं धरली तर मराठीत चारशेच्या आसपास अक्षररूपं होतात. ती वर्षभरात यायला हवीत अशी घाई कुणीच करू नये. नियम मात्र एकदा कळला की तो फारसा फसवत नाही. इंग्रजीचं हे असं नाही.

आता चित्र बघून शब्द ठोकण्याबद्दल. इथे मी तुमच्या बाजूची आहे, पण अर्धीच. गोष्टीच्या पुस्तकात त्यानं चित्रावरून काहीही सांगावं. पण ज्या शब्दाची अक्षरं त्याला शिकवून झाली आहेत तो शब्द चित्रावरून ओळखू देऊ नये. अंदाजानं काम भागतं म्हटल्यावर मूल अक्षरांकडे बघेनासं होतं, आणि तिसरीत पुस्तकातली चित्रं कमी झाली की उघडं पडतं. म्हणून घरात पुस्तकांचे दोन ढीग करा. एक ऐकायच्या-सांगायच्या पुस्तकांचा, एक त्यानं स्वतः वाचायच्या पुस्तकांचा. दुसऱ्या ढिगातली पुस्तकं तुम्हीच करायची. कारखान्यात एका बाजूनं कोरे कागद रद्दीत जात असतील, ते चार घड्या घालून शिवा. पानाच्या पुढे शब्द, मागे चित्र. आधी ‘मका’ वाचायचं, मग पान उलटून बघायचं की बरोबर आलं का. चित्र त्याला बक्षीस म्हणून मिळतं, चोरवाट म्हणून नाही. मधेच एखादा बनावट शब्द टाका, ‘लामा’, ‘नाकार’, ‘कमला’ असे ओळखीचे किंवा ओळखीसारखे नकोत, ‘रानक’, ‘मलाका’ असा काहीतरी. ते एका भुताचं नाव आहे म्हणा आणि मागे त्याला भूत काढू द्या. ते नाव त्यानं वाचलं तर तो खरंच वाचतोय.

त्याच्या बोलण्यातून केलेलं पुस्तक याहूनही मोलाचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बाबा घरी असतात. त्या दिवसांत बाप-लेकानं ‘बाबांची होडी’ असं पुस्तक करावं. एका पानावर जाळं, एकावर नांगर, एकावर दोर. चित्रं बाबांनी काढायची, वेडीवाकडी चालतील. मुलगा जे वाक्य बोलेल ते तुम्ही जसंच्या तसं लिहायचं. ‘माका बांगडो आवडता.’ शुद्ध करायचं नाही. त्यानं बोललेलंच कागदावर उतरलंय हे त्याला दिसलं पाहिजे. पुढे केव्हातरी त्याच पानाच्या तळाशी ‘मला बांगडा आवडतो’ हेही लिहा आणि सांगा, आजी असं म्हणते, पुस्तकात असं लिहितात. मुलं दोन्ही सहज सांभाळतात. आपण दशावतारात संकासुराची मालवणी आणि राजाचं भारदस्त मराठी एकाच रात्री समजून घेतोच की.

पहिल्या ढिगातली पुस्तकं रोज एक, झोपण्यापूर्वी. तेच ते पुस्तक पुन्हा मागेल, द्या. आठव्या वेळी तुम्हाला जांभई येईल, पण त्याला त्याच वेळी मागच्या सात वेळा न दिसलेलं काहीतरी दिसत असतं. वाचताना ओळीखालून बोट फिरवा, घाईनं नाही. मधे थांबून ‘हे काय आहे?’ असं परीक्षकासारखं विचारू नका. ‘ही मुलगी अशी का बघत असेल?’ असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. मालवणीत उत्तर आलं तर मालवणीतच पुढे बोला. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगायचा मोह मराठी आईबापांना फार होतो. आवरा.

पुस्तकांसाठी खर्च फारसा नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची बरीच चित्रपुस्तकं मराठीतच विचार करून केलेली आहेत. तूलिकाची काही पुस्तकं मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांत शेजारी-शेजारी आहेत, ती तुमच्या घराला सोयीची. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर शेकडो मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करता येतात, आणि परवाना खुला असल्यानं भाषांतरही करता येतं. सासूबाईंकडून एखादीची मालवणी करून घ्या ना! फक्त मोबाईलवर वाचताना मोबाईल तुमच्या हातात हवा. तालुक्याच्या वाचनालयात बालविभाग असेल तर तिथेही चौकशी करा.

इंग्रजीचं काय? वर्कशीट करा, पण त्यातल्या शब्दांना आधी कानात जागा द्या. ‘पिन’ वाचायच्या आधी खरी पिन हातात द्या, ‘टॅप’च्या आधी नळ उघडा आणि तो शब्द दिवसभर वापरा. सोप्या इंग्रजी चित्रपुस्तकातलं एखादं वाक्य वाचायचं, त्यावर बोलायचं मात्र आपल्या भाषेत. बाईंना भेटून दोन गोष्टी विचारा : वर्गात आवाज शिकवताना ओढलेला अ टाळता येईल का, आणि रोज एक गोष्ट वाचून दाखवतात का. तक्रारीच्या सुरात नको. घरी मी असं करतेय, तुम्हीही तसंच केलंत तर त्याचा गोंधळ होणार नाही, असं म्हणा.

कोर्स घेऊ नका. तुमच्या महिन्याच्या पगारात तिथे मिळणार काय, तर पडद्यावरच्या अनोळखी आवाजात तेच बेचाळीस-चव्वेचाळीस आवाज. त्याला ते म्हणता येतातच. कमी पडतंय ते शब्दांचं सामान, आणि ते पडद्यावरून एकतर्फी ऐकून फारसं जमा होत नाही, कुणीतरी उलट बोलावं लागतं.

पुतणीच्या व्हिडिओंबद्दल थोडंच लिहिते. ती वाचत असेल, चांगलंच आहे. पण सहाव्या वर्षी पहिली, आणि तिसरीअखेर समजून वाचता यावं हे आपल्याकडे केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट आहे. पाचव्या वर्षी न वाचणारं मूल मागे पडलंय असं कुठेच लिहिलेलं नाही. गणपतीत सगळे जमतील, कुणीतरी हौसेनं दोघांना समोर बसवून वाचायला लावेल. ते होऊ देऊ नका. ‘तो गोष्ट सांगतो, ऐकायची का?’ असं म्हणा, किंवा सरळ त्याला बाहेर पाठवा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय ते कान वाहण्याचं मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. कान वारंवार वाहत असेल तर ऐकू कमी-जास्त येतं, आणि फ्, स्, थ् असे बारीक आवाज निसटतात. मग आवाज जोडण्याचा कुठलाही खेळ अवघड जातो. गरम तेल घालणं वगैरे घरगुती उपाय बंद. ओरोसला सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे दाखवा, ऐकण्याची तपासणी करता येईल का विचारा. त्याच फेरीत डोळेही. आणि हे सगळं करूनही पहिली संपताना त्याला दोन-तीन अक्षरांचे साधे शब्द जोडता येत नसतील, यमक ओळखता येत नसेल, शिकवलेली अक्षरं तो रोज नव्यानं विसरत असेल, तर शिकण्यातल्या अडचणींची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. आज त्याची गरज नाही.

राहिली शाळा. हे वर्ष मधेच मोडू नका. पहिलीसाठी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेचा विचार नक्की करा, आणि ‘मागे पडल्यामुळे’ म्हणून नको. पायी जाता येईल, घरच्या भाषेच्या जवळ असेल, पट कमी असल्यानं शिक्षक ओळखीनं बघतील, या तिच्या जमेच्या बाजू. पण पट फारच कमी असला तर एकाच शिक्षकावर चार वर्ग असू शकतात, हेही खरं. लांबून ठरवण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत, साधा कामाचा दिवस बघून, दोन्ही शाळांत पहिलीच्या वर्गात अर्धा तास बसायची परवानगी मागा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हाताला लागतील अशी आहेत? मूल चुकीचं वाचतं तेव्हा शिक्षक काय करतात? मुलं मधेच मालवणीत काही बोलली तर त्यांना उत्तर मिळतं की दटावणी? हे बघून आलात की मला पुन्हा लिहा. तोवर ‘मामा, माका मका’ उद्यापासून सुरू करायला हरकत नाही.